आठवड्याचा चित्रकलेचा तास : पालघर-तारापूर टापूंतील बालकलाशिक्षणाचा मागोवा

पालघर, बोईसर आणि तारापूर हीं नांवें इतिहासाच्या वाचकास बहुधा दोन निमित्तांनीं परिचित असतात. एक निमित्त किल्ल्यांचें. १७३९ च्या आरंभीं चिमाजी अप्पांच्या फौजेनें तारापूरचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकून घेतला व त्या हल्ल्यांत बाजी भिवराव रेठरेकर पडले, ही गोष्ट वसईच्या मोहिमेच्या हकीकतींत येतेच. दुसरें निमित्त ताम्रपटांचें. तारापुराशेजारच्या चिंचणी गांवीं सांपडलेल्या ताम्रपटांपैकीं शके ८४८ च्या राष्ट्रकूट लेखावरून संजाणच्या मंडळाचा कारभार महंमद नांवाच्या एका ताजिक अधिकाऱ्याकडे होता असें निष्पन्न झालें. किल्ल्याचा दगड आणि ताम्रपटाचें तांबें हीं दोन्ही टिकाऊ साधनें. ह्याच टापूंतील लहान मुलांच्या हातांना काय शिकविलें गेलें, कोणीं शिकविलें व कोणत्या हेतूनें, ह्या प्रश्नाचीं साधनें मात्र शेणानें सारवलेली भिंत, ओली माती आणि पुसली जाणारी पाटी हीं आहेत. म्हणूनच कीं काय, हा विषय संशोधकांच्या पंक्तीस फारसा बसलेला नाहीं.

तो आज उपस्थित करण्यास कारण आहे. तारापूरचें अणुविद्युत्केंद्र १९६९ सालीं सुरू झालें, बोईसरास औद्योगिक वसाहत वाढली, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. नोकरीच्या निमित्तानें चहूंकडून आलेल्या कुटुंबांच्या वस्त्यांत प्राथमिक वयाच्या मुलांसाठीं आठवड्यांतून एकदां भरणारे चित्रकलेचे व हस्तकलेचे वर्ग आतां नित्याचे झाले आहेत. हा प्रकार शहरांतून नव्यानें आला, असा सार्वत्रिक समज आहे. आमच्या मतें तो अर्धवट आहे. ह्या वर्गाची चौकट मुंबईची खरी, परंतु ती दीडशें वर्षांची जुनी आहे. मुलाच्या हातीं वस्तु देऊन त्याला शिकूं द्यावें ही त्यांतील कल्पना मात्र ह्याच जिल्ह्यांत, बोईसरापासून रेल्वेनें कांहीं स्टेशनें उत्तरेस, १९४५ सालीं अमलांत आली होती, आणि तीही गांवांतील सर्वांत गरीब मुलांसाठीं. ह्या दोहोंहूनही जुनी अशी तिसरी एक परंपरा वारली झोंपडीच्या भिंतीवर नांदत होती. ह्या तिन्ही परंपरांचा परस्परसंबंध सरळ नाहीं, आणि तो उलगडल्याशिवाय आजच्या वर्गांत काय चाललें आहे हें नीट कळत नाहीं.

प्रथम मुंबईच्या चौकटीकडे वळूं. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लक्ष रुपयांच्या देणगीमुळें १८५७ च्या मार्चांत मुंबईस कलाशाळा निघाली. १८६५ सालीं लॉकवुड किपलिंग व जॉन ग्रिफिथ्स हे दोन शिक्षक विलायतेहून आले, आणि त्यांच्या पाठोपाठ लंडनच्या साउथ केन्सिंग्टनची शिक्षणपद्धतिही मुंबईच्या शाळेंत रुजली. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनानंतर हेन्री कोल यांनीं तेथें जें खातें उभारलें त्याचा हेतु चित्रकार निर्माण करणें हा नसून कारखान्यांना नमुने काढणारे हात पुरविणें हा होता. त्या खात्यासाठीं रिचर्ड रेडग्रेव्ह यांनीं जो अभ्यासक्रम बांधला त्यांत तेवीस पायऱ्या होत्या. पहिल्या पायरीवर पट्टी व कंपास घेऊन रेषा काढावयाच्या. पुढें छापील नमुन्यावरून नक्षीची बाह्यरेषा उतरवावयाची. पानें-फुलें, मानवी देह, रंग हीं एकामागून एक यावयाचीं. आणि स्वतःच्या मनानें कांहीं रचावयाचें तें अगदीं शेवटीं. अर्थात् ज्या वयांत मूल आपल्या मनानें वाटेल तें रचीत असतें त्या वयांत त्यास रेषा, आणि तें रचणें विसरल्यावर रचना, असा हा क्रम होता.

मुंबई इलाख्यांत रेखाकला हा विषय म्हणून शिकविण्यास १८७९ सालीं प्रारंभ झाला आणि १८९३ पासून ड्रॉइंग मास्तर तयार करण्याचा वर्ग कलाशाळेंत चालूं लागला. ह्या दोन सालांतील अंतर लक्षांत घेण्याजोगें आहे. विषय आधीं आला व शिक्षक मागाहून. विलायतेंतील ग्रेडच्या परीक्षांच्या धर्तीवर येथेंही परीक्षा आल्या. त्यांचेच वारस म्हणजे एलिमेंटरी व इंटरमिजिएट ह्या नांवांनीं महाराष्ट्राच्या घराघरांत ठाऊक असलेल्या शासकीय रेखाकला परीक्षा. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिति व अक्षरलेखन हे त्यांतील विषय नुसते वाचले तरी रेडग्रेव्ह साहेबांच्या पायऱ्या ओळखूं येतात. आठवड्याचा एक तास हें प्रमाणही ह्याच व्यवस्थेंतून आलें. शाळेंत ड्रॉइंग मास्तर बहुधा एकच, आणि इयत्ता अनेक. तेव्हां प्रत्येक इयत्तेच्या वांट्यास आठवड्यांतून एखादा तास येणार, हा वेळापत्रकाचा हिशेब झाला. बालकाच्या मनाचा कोणताही सिद्धान्त त्याच्या मुळाशीं नव्हता.

ह्या ड्रॉइंग मास्तरांची थट्टा करण्याची एक रीत पडून गेली आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. टोपली, तांब्या व केळें मेजावर मांडून छायाप्रकाश दाखविणाऱ्या ह्या गृहस्थांनींच तालुक्याच्या गांवच्या मुलांस पाहणें म्हणजे काय हें प्रथम शिकविलें. त्यांच्या हाताखालून गेलेल्या कित्येकांचें अक्षर व आराखडा जन्मभर नेटका राहिला. नक्कल ही त्या काळीं हीन गोष्टही नव्हती. ग्रिफिथ्स यांनीं १८७२ पासून आपले विद्यार्थी अजिंठ्यास नेऊन भित्तिचित्रांच्या ज्या नकला करून घेतल्या त्या आज त्या चित्रांच्या इतिहासाचें एक साधन होऊन बसल्या आहेत. दोष मास्तरांचा नव्हे. ज्या पद्धतींत मुलाचें काम तपासण्यास नमुना हाच एकमेव गज असतो, तींत नमुन्याबाहेरचें मूल दिसतच नाहीं, हा तो दोष होय.

युरोपांत ह्या पद्धतीविरुद्ध बंड झालें तें दोन अंगांनीं. फ्रोबेल यांनीं १८३७ पासून माती, कागद, विणकाम हीं लहान मुलांच्या शिक्षणाचीं साधनें ठरविलीं होतींच. १८९७ सालीं व्हिएन्ना येथें फ्रान्झ चिझेक यांनीं खास मुलांसाठीं कलावर्ग काढला व मुलांनीं मोठ्यांसारखें चित्र काढावें ही अपेक्षाच सोडून दिली. शाळेबाहेर भरणारा मुलांचा कलावर्ग म्हणून आज जें जगभर चालतें त्याचें हें एक मूळ. मॉण्टेसोरीबाईंचा मार्ग मात्र निराळा होता. धातूच्या चौकटींतील आकृतींच्या कडेनें पेन्सिल फिरवून मुलाचा हात तयार करावा, मग तो लिहील व रेखील, असें त्यांचें म्हणणें. मुलास स्वातंत्र्य होतें, पण साधन ठरलेलें व मोजलेलें होतें. गुजराथेंत भावनगरच्या दक्षिणामूर्ति संस्थेंत गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं बालमंदिर काढून हा मार्ग भारतीय घरांत आणला, आणि तेथेंच ताराबाई मोडक (१८९२–१९७३) त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ सालीं ताराबाईंनीं दादरास शिशुविहार चालू केला. येथवर ही चळवळ मुख्यतः नगरांतील सुशिक्षित घरांच्या मुलांपुरतीच होती, हें ताराबाईंना स्वतःलाच खुपत होतें.

१९४५ च्या अखेरीस त्या बोर्डीस आल्या. डहाणूच्या उत्तरेस समुद्रकांठीं, घोलवड स्टेशनापासून जवळ असलेलें हें गांव आचार्य भिसे प्रभृतींच्या कार्यामुळें शिक्षणाच्या दृष्टीनें आधींच जागें झालेलें होतें. तेथें ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालें. ताराबाईंच्या बरोबर अनुताई वाघ (१९१०–१९९२) होत्या. बालपणींच वैधव्य आलेल्या, शिक्षिकेची नोकरी करीत रात्रशाळेंतून मॅट्रिक झालेल्या ह्या बाई त्याच वर्षीं बोरिवलीच्या कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरांत ताराबाईंना भेटल्या आणि त्यांनीं उरलेलें आयुष्य ह्या कामास दिलें. केंद्रांत न येणाऱ्या हरिजन वस्तींतील मुलांसाठीं बालवाडीच त्यांच्या अंगणांत नेण्यांत आली. आज देशभर अंगणवाडी हा शब्द सरकारी दप्तरांत रुळला आहे. त्याच्या मुळाशीं हें बोर्डीचें अंगण आहे.

बोर्डीस एक अडचण उभी राहिली व आमच्या विषयाच्या दृष्टीनें तीच महत्त्वाची. मॉण्टेसोरीचीं साधनें महाग होतीं; खेड्याच्या बालवाडीस तीं परवडणारीं नव्हतीं. तेव्हां ताराबाई व अनुताई यांनीं शंख-शिंपले, खडे, पानें, फुलें, बिया, बांबू, माती अशीं जवळचीं साधनें योजिलीं. ह्या गोष्टीचें वर्णन सामान्यतः काटकसर म्हणून केलें जातें. आम्हांस तें अपुरें वाटतें. लांकडी ठोकळ्याची किंवा धातूच्या आकृतीची कड ठरलेली असते. मुलाचा हात तिच्याशीं जुळला कीं काम बरोबर. दोन शिंपले मात्र एकसारखे नसतात, आणि पानाची कड प्रत्येक पानागणिक बदलते. असें साधन हातीं आलें म्हणजे मुलास निवडावें लागतें, जुळवावें लागतें, कोठें काय शोभतें हें ठरवावें लागतें. काटकसरीनें आणलेल्या साधनानें शिक्षणाचें स्वरूपच पालटलें. नमुना नाहींसा झाला आणि निवड आली. मॉण्टेसोरी आणि चिझेक यांमधील जें अंतर युरोपांत ग्रंथांतून वादविलें गेलें, तें बोर्डीच्या वाळूंत पैशाच्या टंचाईमुळें मिटलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

ह्याच सुमारास महात्माजींच्या नयी तालीमेचा पुरस्कार सर्वत्र होत होता. १९३७ च्या वर्धा परिषदेपासून हातकाम हें शिक्षणाचें केंद्र ठरलें होतें. परंतु तेथील हस्तोद्योग उत्पादक असावा, सूत निघावें, त्याचा हिशेब लागावा, असा दंडक होता. सेवाग्रामांत देवीप्रसाद यांनीं मुलांच्या चित्रांना जें स्थान मिळवून दिलें तें ह्या दंडकास दिलेलें एक मौलिक वळण होय. बोर्डीचीं मुलें शाळेच्या वयाच्याही अलीकडचीं असल्यानें त्यांच्या हातून उत्पादनाची अपेक्षा नव्हती, हा योग चांगलाच झाला.

आतां १९४५ ह्या सालाकडे पुन्हां पाहिलें पाहिजे. त्याच वर्षीं मे महिन्यांत, बोर्डीपासून फार दूर नसलेल्या तलासरीजवळच्या झरी येथें वारल्यांची परिषद भरली आणि वेठ व लग्नगडीची चाल यांविरुद्ध त्यांनीं उठाव केला. गोदावरी परुळेकर यांनीं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या ग्रंथांत तिचा वृत्तान्त दिला आहे. लग्नगडी म्हणजे लग्नासाठीं सावकाराचें कर्ज काढून त्यापायीं बायकोसह त्याच्या दारीं राबणारा माणूस. हे दोन वृत्तान्त निरनिराळ्या कपाटांत ठेवण्याची आपली संवय आहे. एक शिक्षणाच्या इतिहासांत, दुसरा शेतकरी चळवळीच्या. आमच्या मतें ते एकत्र वाचले पाहिजेत. ज्या घरांतील आई-बाप परक्याच्या शेतांत वेठीस जात, त्या घरचें मूल गुरें राखी, सरपण आणी, धाकट्या भावंडास कडेवर घेऊन हिंडे. त्याच्या हाताला काम नव्हतें असें नाहीं. त्याच्या हाताला स्वतःचें असें कांहीं करण्यास सवड नव्हती. साऊथ केन्सिंग्टनला कारखान्यासाठीं हात तयार करावयाचे होते. येथें आधींच राबणारे हात घटकाभर मोकळे करावयाचे होते.

१९५७ च्या सुमारास केंद्र कोसबादच्या टेकडीवर आलें तेव्हां ही गोष्ट अधिकच स्पष्ट झाली. तेथील आदिवासी पाड्यांतील मुलें शाळेंत येत ना, कारण गुरें सोडून यावें कसें? त्यावर कुरणशाळा निघाली. गुरें चरतात तेथेंच शिक्षिका जाई. विकासवाडी ह्या नांवानें पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणण्यांत आलीं, त्यामुळें धाकट्यास सांभाळणारी बहीणही वर्गांत बसूं शकली. कोसबादच्या ह्या व्यवस्थेंत चित्रकलेचा आठवड्याचा तास शोधूं जाणें व्यर्थ आहे. मातीकाम, रांगोळी, पानांची मांडणी, गाणें व मोजणी हीं दिवसभराच्या कामांत मिसळून गेलेलीं होतीं. सवड मिळेल तेव्हां आणि मूल असेल तेथें, हेंच तेथील वेळापत्रक.

तिसरी परंपरा वारल्यांच्या चौकाची. लग्नप्रसंगीं घरांतील भिंतीवर सवासिनींनीं चौक लिहावयाचा, त्यांत पालघट देवी बसवावयाची, आणि धवलेरीनें गाणीं म्हणावयाचीं, हा विधि. कुडाच्या भिंतीस शेण व तांबडी माती यांचा लेप. त्यावर तांदळाचें पीठ पाण्यांत कालवून केलेला पांढरा रंग. आणि टोंक चावून मऊ केलेली बांबूची काडी हा कुंचला. ह्या कामास शाळा नव्हती, तास नव्हता, परीक्षा नव्हती. परंतु शिक्षण नव्हतें असें म्हणणें चूक होईल. ज्या सवासिनी चौक लिहीत त्या कधीं काळीं मुली म्हणून त्याच भिंतीपाशीं उभ्या होत्या. हें शिक्षण पाहून आणि हाताखालीं राहून मिळे, आणि तें पुरें होण्याची खूण प्रशस्तिपत्रक ही नसून चौक लिहिण्याचा मान ही होती. आणि ज्या लग्नासाठीं हा चौक लिहिला जाई, त्याच लग्नाच्या कर्जापायीं नवरा-नवरी लग्नगडी होत, हेंही विसरूं नये. वारली चित्रांतील आनंदाविषयीं लिहिणाऱ्यांनीं ह्या दुसऱ्या बाजूची नोंद क्वचितच घेतली आहे.

१९७० नंतर ह्या परंपरेस अनपेक्षित फांटा फुटला. चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनीं पूर्वीं बिहारच्या दुष्काळांत मिथिलेच्या स्त्रियांस कागद देऊन त्यांचीं भित्तिचित्रें कागदावर आणविलीं होतीं. तोच प्रयोग त्यांनीं डहाणूच्या वारल्यांत केला. येथें कागदावर सर्वांत पुढें आले ते मात्र गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८). चौक हा स्त्रियांचा अधिकार. मशे यांनीं विधीबाहेर, रोज, आपल्या आनंदासाठीं चित्रें काढलीं. लहानपणीं आई गेल्यावर हा मुलगा बोलेनासा झाला व धुळींत चित्रें काढून आपलें मनोगत सांगूं लागला, असें त्यांच्याविषयीं सांगतात. १९७६ सालीं त्यांना राष्ट्रीय पुरस्कार व २०११ सालीं पद्मश्री मिळाली. त्यांची योग्यता निर्विवाद आहे. परंतु कागदाबरोबर स्वाक्षरी आली, स्वाक्षरीबरोबर बाजार आला, आणि ज्यांनीं पिढ्यान् पिढ्या भिंत लिहिली त्या सवासिनींचीं नांवें मात्र भिंतीबरोबरच सारवलीं गेलीं. यशोधरा डालमिया यांच्या १९८८ च्या ग्रंथानें विधीचा व स्त्रियांचा संबंध नीट मांडला, तरी लोकांच्या तोंडीं वारली चित्र म्हणजे पुरुष चित्रकाराचें नांव हेंच समीकरण बसलें.

आतां आजच्या वर्गाकडे येतां येईल. पालघर-बोईसरच्या मुलांस स्थानिक कला शिकवावी ह्या सद्हेतूनें वारली चित्र शिकविलें जातें. तें कसें? दोन त्रिकोण टोंकाशीं जोडावे म्हणजे धड झालें; वर वर्तुळ काढावें म्हणजे डोकें; काड्यांचे हातपाय; अशा आकृती वाटोळ्या मांडाव्या म्हणजे तारपा नाच झाला. फळ्यावरचा नमुना वहींत उतरला कीं काम पुरें. हा शब्दशः रेडग्रेव्ह यांचा पाठ आहे. भूमितीच्या आकृति, नमुना, बाह्यरेषा. जी कला नमुन्याच्या शाळेबाहेर वाढली तिलाच नमुना करून शाळेनें आंत घेतलें. १८७९ ची पद्धति पराभूत झालेली नाहीं; तिनें केवळ कारिंथियन पानाच्या नक्षीऐवजीं तारपेवाला घेतला आहे.

ह्यावर असें उत्तर देतां येईल कीं, बाहेरगांवाहून आलेल्या घरच्या मुलास ह्या निमित्तानें वारल्यांचें नांव तरी कळतें, आणि वारली मुलास आपल्या घरची वस्तु शाळेंत मानानें आलेली दिसते. हें उत्तर आम्ही हलकें लेखीत नाहीं. ज्या तालुक्यांत आदिवासीस अक्षर शिकविणें हेंच एके काळीं सावकारास रुचत नव्हतें, तेथें फळ्यावर त्यांचें चित्र निघणें ही लहान गोष्ट नाहीं. तरीही ह्या वर्गांत चौक नाहीं, पालघट नाहीं, सवासिनी नाहींत, आणि माती व शेणही नाहीं, हें खरेंच. चित्र आलें, ज्या बाया तें शिकवीत आल्या त्या दाराबाहेर राहिल्या. बोर्डीच्या रीतीचा अवलंब करावयाचा असेल तर मुलांपुढें छापील तारपेवाला ठेवण्याऐवजीं गेरू, पीठ, काडी व एक सारवलेला पत्रा ठेवावा आणि पाड्यावरील एखाद्या वृद्ध बाईस शिक्षिका म्हणून मानधनासह बोलवावें, इतका तो फेर सोपा आहे. विधीचें रूप वर्गांत उतरवावें कीं नाहीं हें ठरविण्याचा अधिकार तिचा असावा.

ह्या विषयाचीं साधनें अद्यापि गोळा होण्यासारखीं आहेत, आणि काळ थोडा आहे. ठाणें जिल्ह्याच्या जुन्या प्राथमिक शाळांचीं शेरेबुकें, ड्रॉइंग मास्तरांचीं टांचणें, ग्रेड परीक्षांच्या बसलेल्या व उत्तीर्ण मुलांच्या याद्या, शिक्षणपत्रिकेच्या मराठी आवृत्तीचे जुने अंक, आणि बोर्डी-कोसबाद येथें शिकून गेलेल्या मुलांच्या आठवणी हीं त्यांपैकीं मुख्य. बोर्डीच्या पहिल्या बालवाडींतील मुलें हयात असलीं तर तीं आज ऐंशीच्या घरांत आहेत. चौक लिहिणाऱ्या वृद्ध सवासिनींच्या जबान्या त्यांच्या नांवानिशीं, पाड्यानिशीं व कोणापाशीं शिकल्या ह्या तपशिलानिशीं उतरून घेण्याचें काम सर्वांआधीं झालें पाहिजे. पालघर, डहाणू व तलासरी येथील ज्या वाचकांच्या घरीं वा शाळेंत असे कागद असतील, त्यांनीं मूळ कागद हातचे न सोडतां त्यांच्या नकला मंडळाकडे पाठवाव्या.